हंगामी कामगारांची मुलं, घटसर्प आणि राहून गेलेले बूस्टर

खाडीकाठ

पाऊस ओसरला की आमच्या लांजा-राजापूर भागातल्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या पठारांवर, चिरेखाणी सुरू होतात. विजापूर-बागलकोटकडची कुटुंबं येतात, खाणीच्या कडेला चिरे रचून वर पत्रा नाहीतर निळी ताडपत्री टाकतात आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच राहतात. मी याच भागात दवाखाना चालवतो. परवा एक आई अडीच वर्षांच्या मुलाला खोकला-तापासाठी घेऊन आली. मी सवयीने लसीकरणाचं कार्ड विचारलं आणि तिने ते काढून दिलं. साडीच्या तुकड्यात गुंडाळलेली प्लॅस्टिकची पिशवी, त्यात रेशनकार्डाची झेरॉक्स आणि त्याच्या आत कार्ड. कार्ड कन्नडमध्ये, पण रकाने सगळीकडे तेच. जन्माच्या वेळचं बीसीजी, सहा-दहा-चौदा आठवड्यांच्या पेंटाच्या (पाच रोगांवरच्या एकत्र लसीच्या) तारखा, नवव्या महिन्याचा गोवर-रुबेला आणि पीसीव्हीचा (न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरच्या लसीचा) तिसरा डोस. पुढचं पान कोरं. सोळा ते चोवीस महिन्यांत द्यायचा डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) बूस्टर नाही, गोवर-रुबेलाचा दुसरा डोस नाही.

पहिल्या वर्षातली एकही तारीख त्या बाईने चुकवलेली नाही. मग दुसऱ्या वर्षी काय झालं? या कार्डाला फाडून ठेवायची एक प्रत असते, ती नर्सबाईकडे राहते. उपकेंद्रात टिकलर बॅग नावाची कापडी पिशवी टांगलेली असते, तिला बारा महिन्यांचे कप्पे. मुलाची पुढची लस ज्या महिन्यात, त्या कप्प्यात ती प्रत सरकवून ठेवायची, म्हणजे महिना लागला की कोणाला बोलवायचं ते कळतं. साधी आणि फार चांगली पद्धत आहे. पण या मुलाची प्रत विजापूर जिल्ह्यातल्या त्याच्या गावच्या पिशवीत आहे आणि मूल इथे सड्यावर. तिथल्या नर्सबाईला मूल सापडत नाही आणि इथल्या पिशवीत त्याची प्रत नाही. दोन्हीकडचे लोक आपापलं काम चोख करत असूनही मूल मधून निसटतं.

मी घटसर्पाबद्दल, म्हणजे डिफ्थेरिया या घशाच्या जीवघेण्या आजाराबद्दल, मुद्दाम लिहितोय, कारण तो गेला असं आपण धरून चाललोय. तो गेलेला नाही, लसीमुळे दबलेला आहे. २०१६ मध्ये केरळच्या मलप्पुरममध्ये तो पुन्हा दिसला, तेही आरोग्यात पुढारलेल्या राज्यात. माणसं उठून दुसरीकडे गेली आणि लसीकरण तुटलं की काय होतं याचं सगळ्यात ठळक उदाहरण बांगलादेशातल्या कॉक्स बाजारचं. २५ ऑगस्ट २०१७ नंतर काही महिन्यांत सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमारमधून तिथे आले. बांबू आणि ताडपत्रीच्या खोपट्यांत, एकाला एक लागून. त्यांच्या मूळ प्रांतात नियमित लसीकरण जवळजवळ पोचलेलंच नव्हतं. नोव्हेंबरात पहिला संशयित रुग्ण दिसला आणि पुढच्या काळात आठ हजारांहून जास्त संशयित रुग्ण नोंदले गेले, चाळीसहून जास्त मृत्यू झाले. रुग्णांत पाच वर्षांच्या वरची मुलं खूप होती. म्हणजे फक्त तान्ह्या बाळांचा हा आजार आहे असं समजू नका. ज्यांना डोस मिळाला नाही त्यांचा आहे, वय काहीही असो.

१२ डिसेंबर २०१७ ला तिथे मोठी मोहीम सुरू झाली. सहा आठवडे ते सहा वर्षांच्या मुलांना पेंटा आणि न्यूमोकोकल लस, सात ते पंधरा वर्षांच्या मुलांना टीडी (धनुर्वात आणि घटसर्पाची लस). पेंटाचे तीन लाख डोस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने दान दिले होते. लस आपल्या राज्यातून कॉक्स बाजारला पोचते, मग आपल्याच तालुक्यातल्या सड्यावर का पोचू नये, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही.

आपल्याकडे कोकणात असे फिरते लोक किती तऱ्हेचे आहेत बघा. चिरेखाणीवरचे, आंबा बागांतले नेपाळी राखणदार, मिरकरवाडा-हर्णैच्या होड्यांवरचे खलाशी, रायगड-ठाण्यातल्या वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या कामावर जाणारे कातकरी, रस्त्याच्या कामावरचे. आणि दरड कोसळून घर गेलेले आपले गाववाले. तुमच्या आसपास काय परिस्थिती आहे, कोणी काय केलंय, ते इथे लिहा. ज्यांच्या बागा, खाणी, भट्ट्या आहेत त्यांनी तर नक्की लिहा.

आबोली

डॉक्टर, मी आशा कार्यकर्ती आहे, सिंधुदुर्गात. टिकलर बॅगेचं लिहिलंत ते अगदी खरं. आमच्या यादीत वीटभट्टी, खाण, बांधकाम ही ठिकाणं 'हाय रिस्क एरिया' म्हणून वेगळी लिहिलेली असतात आणि तिथे बाह्यसत्र, म्हणजे केंद्राबाहेर जाऊन लसीकरण, लावायचं असतं. कागदावर सगळं आहे. अडतं कुठे ते सांगते.

सत्राची वेळ सकाळी नऊ-साडेनऊची. त्या वेळी आई खाणीत चिरे उचलत असते. पोरं मोठ्या बहिणीकडे, ती स्वतः आठ-नऊ वर्षांची. तिच्या हातात लस कशी देणार, संमती कोणाची घेणार? दुसरं, पेंटा दिली की रात्री ताप येतो, पोर रडतं, दुसऱ्या दिवशी आईचा खाडा. मुकादम बोलतो. पुढच्या महिन्यात आम्हाला बघून नवराच म्हणतो, नको. त्याचं चुकतं असं मला नाही वाटत, हातावर पोट आहे त्याचं. म्हणून मी आता तीन गोष्टी सांभाळते. बाजाराच्या दिवशी, म्हणजे त्यांचा पगार आणि सुट्टी असते तेव्हाच सत्र मागते. तापाचं औषध कसं आणि किती द्यायचं ते आईच्या हातात चमचा देऊन दाखवते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फेरी मारते. पहिल्या वेळी ताप उतरलेला बघितला की पुढच्या वेळी बायका स्वतःहून येतात.

कातळवाट

मी महाडचा. २२ जुलै २०२१ ला तळीये गावावर दरड आली, १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर. दोन्ही वेळा वाचलेल्यांना महिनोन् महिने कंटेनरच्या घरात काढावे लागले. अशा वेळी मदत म्हणून लोक तांदूळ, चादरी, भांडी घेऊन येतात, आरोग्य म्हटलं की लेप्टो आणि पाण्यात टाकायचं क्लोरीन इतकंच डोक्यात असतं. श्वासाच्या आजाराचा विचार फार उशिरा होतो.

पण बघा ना, श्रावणातला पाऊस, दार-खिडक्या बंद, दोन कुटुंबं एका छपराखाली, ओले कपडे आत वाळत घातलेले, कोपऱ्यात चूल किंवा गॅस. एकाला खोकला झाला की तिसऱ्या दिवशी सगळ्यांना. त्यात कार्डं ढिगाऱ्याखाली गेलेली. आमच्याकडच्या एका शिबिरात मी मदतीला होतो तेव्हा एक आजी नातवाच्या लसी बोटांवर मोजून सांगत होती आणि समोरचा माणूस म्हणाला, कार्ड आणा. कुठून आणणार ती?

डॉक्टर, अशा वेळी नियम काय?

खाडीकाठ

कातळवाट, नियम माणसाच्या बाजूचा आहे, सांगणाऱ्याला माहीत नव्हता इतकंच.

कार्ड नसेल आणि नोंद कुठेच मिळत नसेल तर डोस झालेलाच नाही असं धरून लस द्यायची. एखादा डोस जास्त झाला तर फार तर हात जरा जास्त दुखेल. डोस राहिला तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. कागद नाही म्हणून मुलाला परत पाठवायचं नसतं, आधार नाही म्हणून तर नाहीच.

डोसांमध्ये खंड पडला तर पहिल्यापासून सुरुवात करायची गरज नसते. जिथे थांबलं तिथून पुढे. पेंटाचा किंवा पीसीव्हीचा पहिला डोस वर्षाच्या आत झाला असेल तर उरलेले उशिरा का होईना पूर्ण करता येतात. वर्ष उलटलं आणि एकही डोस नाही, अशा मुलाला पेंटाऐवजी डीपीटी देतात, चार-चार आठवड्यांच्या अंतराने तीन डोस आणि मग सहा महिन्यांनी बूस्टर. डीपीटी सात वर्षांपर्यंत. सात पूर्ण झाली की टीडी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ मुलांचं काम होतं.

नेहमीचं वेळापत्रक माहीत असावं म्हणून तेही: पेंटा सहा, दहा, चौदा आठवड्यांना. पीसीव्ही सहा आणि चौदा आठवड्यांना, तिसरा नऊ महिन्यांना. डीपीटी बूस्टर सोळा ते चोवीस महिन्यांत, दुसरा पाच ते सहा वर्षांचा असताना. मग टीडी दहाव्या आणि सोळाव्या वर्षी. पेंटामध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ बी आणि हिब (न्यूमोनिया-मेंदूज्वर करणारा जंतू) अशा पाच रोगांवरची लस असते. म्हणजे पाचातले तीन, घटसर्प, डांग्या खोकला आणि हिब, श्वासाच्या वाटेने पसरणारे जंतू.

दर्यावर्दी

आमच्या हय पण चिरेखाणी आसत आणि होडयेर खलाशी भायले. माका एक सांगा, ह्ये लोक हय येतत, आजार घेवन येतत, मगे आमच्या पोरांका होता. आधी त्यांची तपासणी करून मगेच गावात घेवक व्हया. माझा म्हणणा कोणाक लागात, पण खराखुरा सांगतंय.

खाडीकाठ

दर्यावर्दी, मनातलं बोललात, तर मीही तसंच बोलतो.

मे २०२० आठवा. मुंबईहून निघालेला आपला चाकरमानी स्वतःच्या गावाच्या वेशीवर अडवला गेला. चौदा दिवस शाळेच्या खोलीत, सख्खा भाऊ लांबून ताट ठेवून जायचा. त्याच्याही शंभर-सव्वाशे वर्षं आधी, १८९६-९७ च्या प्लेगात मुंबई सोडून निघालेल्या माणसांच्या वाटेवर अशाच तपासण्या आणि अटकाव होते. 'आजार घेऊन आले' हे वाक्य कोकणी माणसाने ऐकून घेतलेलं आहे. ते दुसऱ्याला ऐकवताना आपली जीभ अडखळायला हवी.

आता शास्त्रातलं. घटसर्पाचा जंतू घशात बसतो आणि विष सोडतो, आणि आजार त्या विषामुळे होतो. लस त्या विषावर आहे. त्यामुळे लस घेतलेल्या माणसाच्या घशातही जंतू राहू शकतो. तो स्वतः ठणठणीत आणि शेजाऱ्याला देतोय. त्यात लसीचं बळ वर्षांगणिक कमी होतं, म्हणून तर बूस्टर. तेव्हा तुमच्या-माझ्या घशातला जंतू खाणीवरच्या पोराला जाण्याची शक्यता तितकीच आहे. गावात पाच वर्षांचा बूस्टर किती मुलांना झालाय ते अंगणवाडीत विचारून बघा. आपलीच मुलं राहिलेली सापडतील.

आणि तुमच्या काळजीचं उत्तर कॉक्स बाजारमध्येच आहे. छावणीत हजारोंनी रुग्ण असताना आजूबाजूच्या बांगलादेशी वस्तीत अगदी थोडे झाले, कारण तिथल्या मुलांचं लसीकरण झालेलं होतं. वेशीवर तपासणी करून हा आजार थांबत नाही, कारण ज्याच्या घशात जंतू आहे तो आजारी दिसतच नाही. दोन्हीकडच्या मुलांना लस, हाच उपाय.

दर्यावर्दी

चाकरमान्यांचा म्हटलात ता पटला. माझो भाव शाळेत ऱ्हवलो होतो तेवा. होडयेवरच्या खलाश्यांका मगे काय देवचा? ते सगळे मोठे बापये.

मीनाक्षी_वि

मी बालरोगतज्ज्ञ आहे, सध्या पुण्यात, माहेर गुहागर. दर्यावर्दींच्या प्रश्नाचं उत्तर खाडीकाठ देतीलच, मी आई-वडिलांसाठी आणि शेजाऱ्यांसाठी लिहिते. लस द्यायची हे खरंच, पण आज रात्री मूल आजारी पडलं तर काय बघायचं?

न्यूमोनियासाठी स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, त्याचा सदरा वर करा आणि पोट-छाती वरखाली होताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. मोबाइलमधलं घड्याळ लावा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर तो वेगवान श्वास. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत खेचला जात असेल, मूल अंगावर पीत नसेल, निपचित असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. उठायचं आणि निघायचं.

घटसर्पात ताप फार नसतो, त्यामुळे फसगत होते. घसा दुखतो, गिळवत नाही, आवाज बसतो, तोंडाला विशिष्ट घाण वास येतो. टॉर्च मारून बघितलं तर टॉन्सिलवर करडट-पांढरा पडदा दिसतो, तो घट्ट चिकटलेला असतो. तो पुसायला किंवा खरवडायला जाऊ नका, रक्त येतं. गळा दोन्ही बाजूंनी सुजून मान बैलासारखी जाड दिसायला लागली तर आजार पुढे गेलेला आहे. अशा मुलाला सरळ जिल्हा रुग्णालयात न्यायचं. तिथे विषावर उतारा असलेलं अँटिटॉक्सिन देतात. ते घोड्याच्या रक्तातून बनवतात, म्हणून देताना रिअ‍ॅक्शनवर लक्ष ठेवावं लागतं, घरी किंवा साध्या दवाखान्यात द्यायचं औषध नाही ते. आणि ते लवकर द्यावं लागतं, कारण रक्तात फिरणाऱ्या विषावरच ते चालतं. एकदा विष हृदयाच्या किंवा नसांच्या पेशींना चिकटलं की त्याचा उपयोग होत नाही. म्हणून घशाच्या तपासणीचा रिपोर्ट यायच्या आधीच संशयावरून ते देतात. सोबत पेनिसिलीन किंवा एरिथ्रोमायसिन गटातलं प्रतिजैविक असतंच.

एक गोष्ट फार जीव तोडून सांगते. पडदा निघून गेला, मूल जेवायला लागलं, म्हणून हट्टाने घरी नेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात विष हृदयावर येतं. बरं वाटणारं मूल उठून धावलं आणि कोसळलं, असं होतं. पाणी प्यायला दिलं आणि ते नाकातून बाहेर आलं तर समजायचं टाळूच्या नसा लुळ्या पडल्यात. डॉक्टर पडून राहायला सांगतात ते यासाठी. मजुरी बुडते म्हणून खाणीवरची माणसं तिसऱ्याच दिवशी डिस्चार्ज मागतात. त्या वेळी मालकाने किंवा मुकादमाने 'रोजाची काळजी करू नको' एवढं म्हटलं तरी मूल वाचू शकतं.

हापूसवाला

मीनाक्षीताई, श्वास मोजायचं वाचून लगेच घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

माझी पावसजवळ कलमांची बाग आहे. राखणीला नेपाळी कुटुंब असतं, दसरा-दिवाळीला येतात, आंबा संपला की जातात. यंदा त्यांच्यासोबत सहा-सात महिन्यांचं बाळ आहे आणि चार वर्षांची मुलगी. राहतात बागेतल्या खोलीत. खरं सांगायचं तर कलमांना मोहर कधी, फवारणी कधी, हे मी वहीत लिहून ठेवतो, त्या बाळाच्या लसीचं विचारावं असं कोणाच्याच डोक्यात आलं नव्हतं, आमच्या आजूबाजूच्या बागायतदारांतही नाही. परदेशातल्या मुलाला आपल्याकडे सरकारी लस मिळते का? आणि तिथे झालेले डोस इथे चालतात का?

खाडीकाठ

मिळते. उपकेंद्रात न्या, पैसे लागत नाहीत. नेपाळमध्येही पेंटा सहा, दहा, चौदा आठवड्यांनाच देतात आणि पीसीव्ही २०१५ पासून त्यांच्या सरकारी कार्यक्रमात आहे, म्हणजे आपल्याकडे २०१७ मध्ये काही राज्यांपासून सुरुवात होऊन २०२१ मध्ये देशभर झाली, त्याच्याही आधी. त्यांच्याकडे कार्ड असेल तर त्यावर तारखा असतील, त्यांच्या पंचांगाप्रमाणे विक्रम संवतात असतील तर आईवडिलांना शेजारी बसवून इंग्रजी तारखेत बदलून घ्या.

पीसीव्हीबद्दल थोडं सांगतो, कारण या लसीची आपल्याकडे चर्चाच होत नाही. न्यूमोकोकस हा जंतू लहान मुलांच्या नाकात आणि घशाच्या मागे मुक्कामाला असतो, बहुतेक वेळा काही न करता. शरीर अशक्त झालं, धूर-धूळ-गर्दी वाढली की तो फुप्फुसात उतरतो, कधी मेंदूच्या आवरणात. चिरेखाणीवरची लाल धूळ, खोलीतली चूल आणि कुपोषण, तिन्ही एकत्र. घटसर्पाच्या लसीपेक्षा ही लस एका बाबतीत वेगळी: ती नाकातला मुक्कामच कमी करते. त्यामुळे एका मुलाला दिली तर त्याच्या शेजारी झोपणाऱ्या आजीलाही थोडं संरक्षण मिळतं. छावण्यांत ती का देतात ते यावरून कळेल. पूर्वी ती फार महाग होती. सीरमने दहा प्रकारांवरची न्यूमोसिल आणली आणि परवडण्याजोगी झाली.

दर्यावर्दी, खलाशांचं राहिलं. त्यांच्यासाठी टीडी. हात कापला, गळ लागला की पूर्वी टीटी घ्यायचो ना, आता त्याजागी टीडी असते, धनुर्वात आणि घटसर्प दोन्हीची. सोव्हिएत संघ फुटल्यावर नव्वदच्या दशकात तिथल्या देशांत दीड लाखांहून जास्त लोकांना घटसर्प झाला, त्यात मोठी माणसं पुष्कळ होती, कारण लहानपणीच्या लसीचं बळ संपलेलं होतं. होडीच्या केबिनमध्ये आठ-दहा जण एकमेकांना खेटून झोपतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बरेचसे खलाशी गावी जातात. म्हणून जायच्या आधी, मे महिन्यात बंदरावरच टीडीचं सत्र मागता येईल. सोसायटीने पत्र दिलं तर आरोग्य केंद्र ऐकून घेतं.

फळा_खडू

मी रायगडात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. पटावरची निम्मी मुलं कातकरी वाडीतली.

पाच वर्षांचा बूस्टर आणि दहाव्या वर्षाचा टीडी शाळेतूनच होतो, पण तारीख कधी येते? बहुतेक वेळा दिवाळीनंतर. तोवर वाडी ओस. भातकापणी झाली की मुकादमाचा ट्रक येतो, उचल आधीच घेतलेली असते, भांडीकुंडी आणि पोरं त्यात चढतात. काही भिवंडीकडे भट्टीवर, काही थेट कर्नाटकात कोळसा पाडायला. कोणी हंगामी वसतिगृहासाठी मागे राहिलं तर राहिलं. परत येतात ती मिरग जवळ आल्यावर, वल्हाटीच्या आधी.

म्हणजे वाडी भरलेली असते ती आषाढापासून दिवाळीपर्यंत. लसीकरण तेव्हाच व्हायला हवं. मी केंद्रप्रमुखांमार्फत वैद्यकीय अधिकाऱ्यांना एवढंच लिहून दिलं होतं, की आमच्या शाळेची तारीख गणपती आणि नवरात्राच्या मधली धरा. एका वर्षी धरली. त्या वर्षी वाडीतलं एकही मूल सुटलं नाही. पुढच्या वर्षी अधिकारी बदलले आणि तारीख पुन्हा डिसेंबरात गेली. एक पत्र दर वर्षी नव्याने द्यावं लागतं, हे मी आता शाळेच्या कामाच्या यादीतच लिहून ठेवलंय.

दुसरं, ट्रक येतो त्या दिवशी मी पालकांच्या मोबाइलमध्ये कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढून देते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्या मुकादमाच्या फोनवर पाठवते. मुकादमाला सांगते, हे फोटो पुसायचे नाहीत. कार्ड चुलीजवळ जळतं, पावसात विरघळतं, फोटो राहतो.

आबोली

ताई, तुमचा फोटोचा उपाय फार कामाचा आहे, मी उद्यापासून करणार. आणखी एक: आता यू-विनवर (लसीकरणाच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत) नोंद होते, मोबाइल नंबर टाकला की दुसऱ्या जिल्ह्यातही मुलाच्या लसी दिसू शकतात. पण हे लोक सिमकार्ड सारखं बदलतात. म्हणून कार्डावरच नंबर लिहून ठेवते, नोंद कोणत्या नंबरावर आहे तो.

डॉक्टर, एक शंका. आम्ही कॅरियरमधून (लसीच्या थंड पेटीतून) लस सड्यावर नेतो तेव्हा ऊन मी म्हणत असतं. बायका विचारतात, लस खराब नाही ना झाली?

खाडीकाठ

आबोली, ऊन लागलेलं कुपीवरच्या व्हीव्हीएमवर (उष्णतेने रंग बदलणाऱ्या खुणेवर) दिसतं: आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळापेक्षा फिका आहे तोवर लस चांगली. बायकांना तो चौकोन दाखवा, त्यांना लगेच समजतं. पण पेंटा, डीपीटी, टीडी, पीसीव्ही यांना उन्हाइतकीच भीती गोठण्याची आहे, आणि गोठलेलं त्या चौकोनात दिसत नाही. आइसपॅक फ्रीझरमधून काढून थेट कॅरियरमध्ये भरला की कुपी त्याला टेकून गोठते आणि लस निकामी होते. पॅक बाहेर ठेवायचा, घाम सुटू द्यायचा, कानाशी हलवून आत पाणी वाजलं की मगच भरायचा. घाईच्या सकाळी नेमकं हेच राहतं. आणि सड्यावर पाचच मुलं आहेत, दहा डोसांची कुपी कशाला फोडू, असा विचार कोणी करू नये. पेंटा, डीपीटी, टीडीची फोडलेली कुपी नीट थंड ठेवली तर २८ दिवस वापरता येते. बीसीजी आणि गोवर-रुबेलाची मात्र चार तासांत संपवायची किंवा टाकून द्यायची.

गुहागरकर

चांगला धागा. टीबीपण श्वासाचाच जंतू आहे ना? बीसीजीचा उपयोग होतो का या लोकांना?

मीनाक्षी_वि

बीसीजी बाळांना मेंदूच्या आणि अंगभर पसरणाऱ्या टीबीपासून वाचवते. मोठेपणीच्या फुप्फुसाच्या टीबीला ती फारशी रोखत नाही. खाणीवर, होडीवर कोणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर थुंकीची तपासणी, ती सरकारीत फुकट होते. त्यावर वेगळा धागा काढावा, विषय मोठा आहे.

हापूसवाला

आज आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरांना भेटलो. त्या म्हणाल्या, एका घरासाठी येण्यापेक्षा आसपासच्या बागांतली सगळी मुलं एका ठिकाणी आणा, पुढच्या सत्राला मीच येते. चार-पाच बागायतदारांना फोन केले, मुलं जमतायत, माझ्या पॅकिंग शेडमध्ये बसायची सोय करतोय. यादीत नाव, वय, आईचं नाव, फोन एवढं लिहायला सांगितलंय. पण वयाचाच घोळ आहे. काहींना जन्मतारीख सांगता येत नाही. अंदाजे लिहिलं तर चालेल?

खाडीकाठ

अंदाज करा, पण सणावरून विचारून. नेपाळी आईला विचारा, दशैंच्या आधी झालं का नंतर, तिहारला किती मोठं होतं, रांगत होतं का? विजापूरकडची असेल तर पंचमी आणि उगादी विचारा. दोन ठिकाणी मात्र नक्की करून घ्या: बाळ वर्षाच्या आत आहे की बाहेर, कारण पेंटा की डीपीटी ते त्यावर ठरतं, आणि मूल सातच्या आत आहे की बाहेर, कारण तिथे डीपीटी की टीडी. बाकीच्यांचं महिना-दोन महिने इकडेतिकडे झालं तरी बिघडत नाही. त्या चार वर्षांच्या मुलीचं नाव यादीत आहे ना? बाळाच्या नादात मोठ्या भावंडांचं नाव लिहायचं राहतं. आणि तिची आई गरोदर असेल तर तिचंही लिहा, तिला टीडी लागेल.

हापूसवाला

मुलीचं राहिलं होतं, आत्ता लिहिलं. कलमांखाली आणखी दोन मोठी मुलं आहेत नऊ-दहा वर्षांची, त्यांचीही टाकतो.